इंजिनाला काय पाजायचं

लग्न होऊन मी निफाड भागातल्या या गावात आले, तेव्हा विहिरीवर विजेची मोटर होती आणि डिझेलचं जुनं इंजिन पत्र्याच्या शेडमध्ये पोती पांघरून पडलं होतं. नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं. त्या इंजिनाची कुणाला गरज नव्हती. कोंबड्यांना मात्र ती जागा फार पसंत होती. इंजिनाचं जड चाक आणि भिंत यांच्या फटीत त्या अंडी घालायच्या, आणि सासूबाई रोज सकाळी मला सांगायच्या, "इंजिनापासची अंडी तेवढी काढून आण."

सासूबाईंना मी आत्या म्हणायचे आणि सासऱ्यांना मामा. मामांचा त्या इंजिनावर जीव होता. ते त्यांनी तरुणपणी, कोरडवाहू जमीन बागायती करताना घेतलं होतं. तीन-चार महिन्यांतून एकदा ते पोती बाजूला करायचे, तेलाचे दोन थेंब इकडे तिकडे सोडायचे आणि चाक हाताने फिरवून बघायचे. आत्या म्हणायच्या, "निजलेल्याला कशाला उठवता?" मामा म्हणायचे, "उठवत नाय. कूस बदलून देतोय."

मला इंजिन नवं नव्हतं. माझं माहेर नाशिकचं, गोदावरीच्या काठचा मळा. वडील झेंडू आणि भाजी करायचे. आमच्याही विहिरीवर असंच एक इंजिन होतं आणि त्याच्या टुकटुक आवाजात मी पाढे पाठ केले होते. पण सासरी आल्यावर मी त्याचं कौतुक कधी बोलून दाखवलं नाही. नव्या सुनेने इंजिनाबद्दल काय बोलायचं?

पुढे दोन हजार साल उलटल्यावर विजेचं गणित बिघडलं. भारनियमन सुरू झालं. काही दिवस वीज दिवसा यायची, काही दिवस रात्री, आणि यायची तेव्हाही मोटर फिरेल इतका दाब असेलच असं नाही. उन्हाळ कांद्याची लागण नुकतीच झाली होती आणि वाफ्यांना भेगा पडायला लागल्या होत्या. एका सकाळी मामा न्याहारी करून उठले आणि म्हणाले, "मोटरीच्या भरवशावर कांदा नाय जगायचा. इंजिन काढू."

"आन कोंबड्या कुठं बसवू?" आत्यांनी विचारलं.

"त्यान्ला मोटरीवर बसव. ती आता रिकामीच हाय."

नवरा ओझरला विमानाच्या कारखान्यात कामाला होता, त्याची त्या दिवशी सकाळची पाळी होती. म्हणून इंजिन काढायला मामा, मी आणि माझी नणंद असे तिघे. नणंद माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, पण रीतीप्रमाणे मी तिला ताई म्हणायचे. कॉलेजचं शेवटचं वर्ष चालू होतं तिचं. अंगाने काटक, दंड मात्र भक्कम. लहानपणापासून मामांच्या मागे मागे विहिरीवर फिरलेली.

शेजाऱ्यांच्या बैलगाडीतून इंजिन विहिरीवर नेलं, जुन्या ओट्यावर बसवलं, पंपाला पट्टा चढवला. डिझेल भरलं. मामांनी हँडल लावलं, ताईने वरचा खटका उचलून धरला. हा खटका उचलला की इंजिनाचा श्वास मोकळा होतो आणि चाक फिरवायला हलकं जातं. चाकाने वेग घेतला की खटका सोडायचा. मामांनी हँडल मारायला सुरुवात केली, चाक फिरलं, ताईने खटका सोडला. टुक. मग काहीच नाही. दुसऱ्यांदा परत टुक आणि शांत. तिसऱ्या वेळी ताई वडिलांना म्हणाली, "दादा, तुम्ही खटका धरा, मी मारते." तिने ओढणी कमरेला गच्च बांधली आणि हँडल हातात घेतलं. काळ्या धुराचा एक लोट वर गेला, शेवग्यावरचे कावळे उडाले आणि टुक-टुक-टुक करत इंजिन चालू झालं. पाईपातून आधी गढूळ आणि मग स्वच्छ पाणी आलं. मामांनी पाण्यात हात घातला आणि तोच ओला हात इंजिनावर ठेवला.

आनंद चार दिवस टिकला. पाणी जेवढं वर येतंय तेवढंच डिझेल खाली जातंय, असं मामांना वाटायला लागलं. त्यांचं मोजमाप अगदी सरळ होतं. डिझेलचा एक छोटा डबा इंजिनात ओतायचा आणि तो संपेपर्यंत कांद्याचे किती वाफे भिजले ते बघायचं. तास, रुपये, हॉर्सपॉवर यात ते शिरत नसत. संध्याकाळी घरी येऊन सांगायचे, "डबा गेला, आन वाफे इवलेसे." एकदा हताश होऊन म्हणाले, "लय पितंय. ह्याला दुसरं कायतरी पाजायला पायजे."

आणि मग त्या थंडीत आमच्या घरी एकच विषय झाला: इंजिनाला काय पाजायचं.

पहिला सल्ला डोंगराळ पेठ तालुक्यातल्या एका बाईंचा. आमच्याकडे द्राक्षाच्या कामाला दरवर्षी त्या बाजूची एक टोळी यायची, त्यात त्या असायच्या. वयाने मामांच्या बरोबरीच्या आणि बोलायला मोकळ्या. त्या म्हणाल्या, आमच्या डोंगरात करंज उदंड आहे, पूर्वी घरातले दिवे त्याच तेलावर जळायचे. दिवा जळतो तर इंजिन का जळू नये? मामांना हे एकदम पटलं. पुढच्या खेपेला टोळीने करंजाच्या बियांचं पोतं आणलं. मामांनी ते नाशिकला नेऊन घाण्यावर गाळून आणलं. घट्ट, लालसर, कडू वासाचं तेल. आमच्याकडे ते बैलाला खरूज झाली की लावायचे, एवढाच त्याचा परिचय.

डिझेलमध्ये निम्मं करंज मिसळून इंजिन चालू केलं. आणि चाललं की! मामा वाफे मोजत बांधावरून चक्क पळत होते. वास मात्र असा सुटला की आत्या घरातून ओरडल्या, "कोण मेलं तिकडं बैल भाजतंय?" शेजारचे येऊन चौकशी करून गेले. मामा म्हणाले, "वासाचं काय, कांद्याला नाक थोडंच हाय."

पण आमचा निफाड भाग थंडीचा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे गवतावर पांढरं दिसतं. एका सकाळी बघितलं तर टाकीतलं मिश्रण काकवीसारखं झालेलं. इंजिन काही केल्या दाद देईना. ताईने हँडल मारून मारून तळहात लाल करून घेतले. शेवटी पिंपळगावहून मिस्त्री बोलावला. त्याने नोझल काढून उजेडात धरलं, त्यावरचा डिंकासारखा थर नखाने खरवडला आणि मामांकडे बघून म्हणाला, "बाबा, हे इंजिन हाय का समई?"

उरलेलं करंजाचं तेल गोठ्यात गेलं.

त्यानंतर रॉकेल. हा प्रयोग त्यांनी कुणाला न सांगता केला. दुपारी इंजिनाचा आवाज वेगळा यायला लागला, खोकल्यासारखा, आणि धूर पांढरा. मी विहिरीवर गेले तर मामा घाईघाईने एक डबा पाठीमागे लपवत होते. रॉकेलवर इंजिन लवकर तापलं, जोर कमी पडला आणि वाफे नेहमीपेक्षाही कमी भिजले. मामा म्हणाले, "पातळ हाय. ताकद नाय ह्यात." आणि विषय संपला असं त्यांना वाटलं.

विषय संध्याकाळी निघाला. वीज गेलेली होतीच. आत्यांनी कंदील काढला, हलवून बघितला, मग रॉकेलचा डबा हलवून बघितला. दोन्ही रिकामे.

"माझ्या कंदिलाचं रॉकेल त्या इंजिनाच्या नरड्यात ओतलं का?"

अंधारातून मामांचा आवाज आला. "थोडंसंच घेतलं."

"रेशनचं महिन्याचं रॉकेल! थोडंसं?"

त्या संध्याकाळी आम्ही सगळे स्वयंपाकघरात बसून जेवलो, कारण घरात उजेड फक्त तिथेच होता. आमच्याकडे गोबरगॅस होता. लहान-मोठी मिळून दहा-बारा जनावरं होती. घरामागे गोल खड्डा बांधून त्यात लोखंडी टाकी उलटी घातलेली. शेणकाल्यातून गॅस तयार झाला की टाकी हळूहळू वर यायची आणि गॅस जळाला की खाली बसायची. तो गॅस शेगडीला येत असे. त्या निळ्या ज्योतीच्या उजेडात आत्या भाकरी थापत होत्या आणि तोंडाने मामांना धारेवर धरत होत्या. मी ज्योतीकडे बघत बसले होते आणि मला एकदम आठवलं. लग्नाआधी वडिलांबरोबर नाशिकला मैदानावरच्या शेतीच्या प्रदर्शनात गेले होते, तेव्हा एका तंबूत गोबरगॅसवर चालणारं इंजिन बघितलं होतं. हवा आत घ्यायच्या तोंडाला एक पाईप जोडलेला होता. वडील तिथे बराच वेळ उभे होते, म्हणूनच ते माझ्या लक्षात राहिलं.

मी म्हणाले, "मामा, इंजिन गोबरगॅसवर चालतं. मी पाहिलंय."

मामांचा घास हातातच राहिला. ताई म्हणाली, "म्हणजे शेणावर?"

"पूर्ण नाही. सुरू डिझेलवर करायचं, नंतर गॅस सोडायचा. थोडं डिझेल लागतंच, पण थोडंच."

"गॅस माझा हाय," आत्या म्हणाल्या. भाकरी तव्यावर टाकली आणि पुन्हा म्हणाल्या, "सांगून ठेवते. गॅस माझा हाय."

पुढचा आठवडा आत्यांची समजूत काढण्यात गेला. त्यांचं म्हणणं रास्त होतं. गोबरगॅस आला तेव्हा त्यांच्या डोळ्यांतला धूर गेला होता, आणि आता इंजिनापायी परत चुलीपुढे बसायला त्या तयार नव्हत्या. मामांनी गोड बोलून बघितलं. नवऱ्याने हिशेब सांगून बघितला. शेवटी तोडगा आत्यांनीच काढला. बोटाला चुना लावला आणि लोखंडी टाकीवर एक आडवी रेघ ओढली. "ही रेघ खड्ड्याच्या काठावर दिसतेय तोवर इंजिन तुमचं. रेघ खाली बुडायला आली की बंद. मंग देव आला सांगायला तरी मी ऐकायची नाय."

विहीर घराजवळच असल्याने पाईप फार लागला नाही. नवऱ्याने सुट्टीच्या दिवशी नाशिकच्या भद्रकाली बाजारातून पाईप, कॉक आणि जोडण्या आणल्या. करंजाचा डिंक खरवडणारा तोच मिस्त्री आला. या खेपेला तो हसला नाही. उलट म्हणाला, गॅसला अंड्यासारखा घाण वास येतो ना, तो इंजिनाला आतून खातो. मध्ये एक डबा लावा आणि त्यात लोखंडाचा कीस भरा. शिवाय पाईपात पाणी साठतं म्हणून सगळ्यात खालच्या वळणावर एक छोटी तोटी बसवायला लावली. ती रोज उघडून पाणी काढून टाकायचं.

चालू करायच्या दिवशी शेजारपाजारचे जमले. ताईने हँडल मारलं, इंजिन डिझेलवर धडधडायला लागलं. मिस्त्रीने मला खूण केली आणि मी कॉक हळूहळू उघडला. आवाज बदलला. नेहमीचा खडखडाट कमी होऊन त्याला एक घुमारा आला. मामा डिझेलच्या नळीपुढे उकिडवे बसले होते. इंजिनाला दुसरीकडून ताकद मिळायला लागली की ते आपोआप डिझेल कमी घेतं. मामांनी नळीवर नाक टेकेल इतकं जवळून बघितलं आणि उठून ओरडले, "पितच नाय! अरे, पितच नाय!"

उत्साहात मी कॉक आणखी उघडला. इंजिनाने दोन दणदणीत ठोके दिले, धुराड्यावरचं डबडं उडालं आणि बघायला आलेली मंडळी बांधापर्यंत मागे सरकली. मिस्त्रीने झटकन कॉक मागे घेतला. "खायला घालायचं, कोंबायचं नाय," तो म्हणाला.

त्या दिवशी एका डब्यात इतके वाफे भिजले की मामांनी एकदा मोजून विश्वास न बसल्याने परत मोजले. संध्याकाळी रेघ खड्ड्याच्या काठाच्या जरा वरच थांबली होती. आत्यांनी तिच्याकडे, मग आमच्याकडे बघितलं आणि चहाला आधण ठेवलं.

यानंतर कॉक आणि तोटी यांचा ताबा ताईकडे गेला. कॉलेजला जायच्या आधी ती पाणी काढून इंजिन चालू करून द्यायची. आवाजावरून तिला कळायचं की गॅस कमी आहे की जास्त.

त्याच दिवसांत ताईला बघायला पाहुणे येणार होते. मंडळी सटाण्याकडची, आत्यांच्या माहेरच्या बाजूची. मुलगा शेती करणारा, वडीलही शेतकरी. त्यांचा कांदा लासलगावला लिलावाला येणार होता, तो विकून दुपारनंतर आमच्याकडे येतो असा निरोप होता. त्यामुळे सकाळी सगळे निर्धास्त. नव्या लागणीला आंबवणी द्यायची होती, म्हणजे रोपं लावल्यावर काही दिवसांनी देतात ते दुसरं पाणी. ते चुकलं तर रोप धरत नाही. मामा म्हणाले, आज एका दमात उरकून टाकू. रेघ थोडी बुडाली तरी दुपारपर्यंत टाकी भरेल. आत्या पुरणाच्या डाळीत गुंतल्या होत्या, त्यांनी "हं" केलं. त्या "हं"वर मामा निघाले.

आणि दहा-साडेदहालाच दारात ट्रॅक्टर उभा राहिला. लिलाव लवकर उरकला होता. रिकामी ट्रॉली लावलेल्या ट्रॅक्टरवर मुलगा, त्याच्या शेजारी मडगार्डवर त्याचे वडील आणि ट्रॉलीत दोन काका. अंगावर कांद्याची टरफलं.

आत्यांनी मला आत ओढलं. "चहा ठेव." मी शेगडी लावली. ज्योत फुरफुरली आणि विझली. मागे जाऊन बघितलं तर टाकी पार तळाला टेकलेली, चुन्याची रेघ कुठेच दिसत नव्हती.

"आता पाहुण्यांना काय शेणकाला पाजू?" आत्या दबक्या आवाजात म्हणाल्या, पण ओसरीवर ऐकू गेलं असावं, कारण एक काका खाकरले. मी मागची चूल पेटवायला घेतली. लाकडं दवाने ओली. मक्याची वाळकी कणसं कोंबली आणि फुंकणी घेतली.

तिकडे इंजिनही बंद पडलं होतं. मामा विहिरीवरून धावत आले, पाहुण्यांना नमस्कार केला, पाय पुसत ओसरीवर बसले. इकडच्या तिकडच्या गप्पा सुरू झाल्या, कांद्याचा भाव, भारनियमन, आणि परत कांद्याचा भाव. मुलाचे वडील उंच, मिशा पांढऱ्या, बोलताना हात हवेत फिरवायची सवय. ते ताईबद्दल काही विचारणार तोच विहिरीकडून टुक... टुक... टुकटुकटुक सुरू झालं.

ताईला पाहुणे आल्याचं कळलंच नव्हतं. ती इंजिनाशीच झगडत होती. गॅस संपताना पाईपातलं पाणी आत ओढलं जाऊन ते बंद पडलं होतं, तर तिने कॉक मिटवून, पाईपातलं पाणी काढून ते नुसत्या डिझेलवर परत चालू केलं. शेवटचे दोन वाफे राहिले होते ना!

मुलाचे वडील उठलेच. "आवाज बेस हाय," म्हणत ते विहिरीच्या दिशेने चालायला लागले. मागे मुलगा, मागे काका, त्यांच्या मागे मामा, आणि फुंकणी हातात तशीच घेऊन मी. आत्यांनी कपाळाला हात लावला आणि त्याही निघाल्या.

ताई इंजिनापाशी उभी होती. अंगात मामांचा जुना सदरा, हाताला काळं तेल, कपाळावरही तेलाची एक बोटभर रेघ. एवढी माणसं बघून ती जागच्या जागी थांबली. त्या पाईपाकडे, लोखंडी किसाच्या डब्याकडे निरखून बघत मुलाच्या वडिलांनी तिला विचारलं, "हाई इंजिन काय खास?"

मला वाटलं, ते विचारतायत की या इंजिनात विशेष काय आहे. मी उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात ताई म्हणाली, "शेण खास, बाबा!"

मुलाचे वडील असे हसले की त्यांना शेवग्याला धरावं लागलं. आत्याही पदर तोंडाला लावून हसत होत्या. मला नंतर कळलं की अहिराणीत, म्हणजे आत्यांच्या माहेरच्या बोलीत, 'खास' म्हणजे 'खातो'. ते विचारत होते, हे इंजिन काय खातं. ताई आईचं माहेरच्यांशी बोलणं ऐकत वाढलेली, तिने लगेच तसंच उत्तर दिलं.

मग ते ओट्यावरच बसले. त्यांच्याकडेही इंजिन होतं, तेही डिझेल ढोसत होतं, आणि त्यांच्याकडची वीज आमच्यापेक्षा वाईट. त्यांनी विचारायला सुरुवात केली. गॅस किती सोडता? इंजिन तापत नाय का? कीस कधी बदलता? ताई सगळं नीट सांगत होती, मध्येच सदऱ्याची बाही वर सारत होती. मुलीला स्वयंपाक येतो का, शिवणकाम येतं का, चालून दाखव, यातलं काही कुणी विचारलंच नाही.

वाफे भिजले तसं तिने इंजिन बंद केलं. तेव्हा इतका वेळ गप्प असलेला मुलगा पुढे आला. "मी मारून बघू का हँडल?"

त्याने हँडल लावलं आणि जोर केला. चाक अर्धं फिरून अडलं. पुन्हा जोर, पुन्हा अडलं. कानशिलं लाल झाली.

"आधी तो खटका उचला," ताई म्हणाली.

त्याने मान हलवली, खटका उचलला, चाकाला वेग दिला आणि तिच्याकडे बघत थांबला.

"आता सोडा."

त्याने सोडला. टुक-टुक-टुक. तो हसला, ती हसली नाही, पण तिने तोंड दुसरीकडे फिरवलं. आत्यांनी आणि मी एकमेकींकडे बघितलं.

चहा शेवटी चुलीवरच झाला. धुराचा वास मारत होता. मुलाच्या वडिलांनी दोन कप घेतले. पुरणपोळ्या बाकी उत्तम झाल्या. पाहुणे गेल्यावर आत्यांनी मामांना जी बोलणी सुनावली ती इथे लिहिण्यासारखी नाहीत. मामा खाली मान घालून ऐकत होते, पण मिशीत हसत होते.

मी ताईला एकटीला गाठून विचारलं, "ताई, कसा वाटला मुलगा?"

ती हातावरचं तेल राखेने घासत होती. "सांगितलेलं ऐकतो," ती म्हणाली. मग हात धुता धुता म्हणाली, "आणि न येणाऱ्या गोष्टीची लाज नाही वाटत त्याला."

तिकडूनही होकार आला. बोलणी करायला मामा सटाण्याला गेले तेव्हा मुलाच्या वडिलांनी मागणी एकच केली: तो पिंपळगावचा मिस्त्री आम्हाला मिळवून द्या. लग्न वैशाखात झालं. मांडवाला लागणारं सगळं पाणी आमच्या इंजिनानेच काढलं, आणि त्या दिवशी हँडल मारायचा मान मला मिळाला, कारण नवरीला हळद लागली होती. मला तीनदा मारावं लागलं.

ताई गेल्यावर तिचं काम माझ्याकडे आलं. आत्या सुरुवातीला रेघेवर पहारा द्यायच्या, पण हळूहळू त्यांनाच त्यात गोडी लागली. गॅस जास्त व्हावा म्हणून त्यांनी शेजारच्या दोन घरांशी करार केला: तुमचं शेण आमच्या टाकीत, आमच्या टाकीतली पातळ मळी तुमच्या शेतात. शेजाऱ्यांना सौदा आवडला, कारण मळी कांद्याला चांगली मानवते. सकाळी स्वयंपाक झाला की त्याच टाकी बघून मला हाक मारायच्या, "सोड गं इंजिन. आज भरपूर हाय." कोणी इंजिन बघायला आलं की मामांच्या आधी त्या पुढे व्हायच्या. गॅस किती, डिझेल किती, वाफे किती, सगळं तोंडपाठ. ऐकणाऱ्याला वाटावं, कल्पना त्यांचीच.

चार-पाच वर्षं तसं छान चाललं. पुढे घरात ट्रॅक्टर आला, जनावरं कमी झाली, गॅस फक्त शेगडीपुरता राहिला. विजेचंही जरा बरं झालं. इंजिन अडीअडचणीला चालायचं, आणि तेव्हा आम्ही मुकाट्याने डिझेल घालायचो. मामांनी त्याबद्दल कुरकुर केली नाही. म्हणायचे, "ह्यानं आपलं काम केलं. आता म्हातारपणी त्याला मागेल ते प्यायला द्या."

दोन हजार आठच्या आसपास असेल, आम्ही सगळे जीप करून ताईकडे सटाण्याला गेलो. तिच्याकडे मोठा गोबरगॅस होता, आमच्या दीडपट. ती विहिरीवर होती आणि तिच्याभोवती शेजारच्या वस्तीवरच्या चार-पाच बाया उभ्या होत्या. त्यांच्याही घरी इंजिन होतं आणि डिझेल परवडत नव्हतं, म्हणून त्या बघायला आल्या होत्या. ताई त्यांना कॉक कसा उघडायचा ते दाखवत होती, एकेकीला हात लावायला लावत होती. एक घाबरून मागे सरली तर ताईने तिचा हात धरून कॉकवर ठेवला. जावई बांधावर उभे राहून बारे देत होते, एकेका वाफ्यात पाणी वळवत होते, आणि मधूनच तिला ओरडून विचारत होते, पाणी वाढवू का?

आम्ही दोन दिवस राहिलो. निघताना त्यांनी जीपमध्ये डाळिंबाचे दोन क्रेट चढवले. मामा पुढे बसले, आत्या खिडकीपाशी. गाव सुटेपर्यंत आत्या ताईच्या संसाराबद्दल बोलत होत्या, आणि भावड घाट लागायच्या आत त्या माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपल्या.